आजचा मूड आणि बालपणीच्या छळाबद्दलची उत्तरं: किती फरक पडतो, कुठे पडतो?

स्मृतिरेखा

लहानपणी झालेली मारहाण, लैंगिक अत्याचार, रोजचे अपमान, हेळसांड यांबद्दल मोठेपणी विचारलं, तर मिळणाऱ्या उत्तरावर आजच्या मनःस्थितीचा किती परिणाम होतो, हा या धाग्याचा विषय. यावर दोन टोकाची मतं कायम ऐकू येतात. एक: "डिप्रेशनमध्ये माणसाला सगळं वाईटच आठवतं, त्याचं बोलणं काय मनावर घ्यायचं." दुसरं: "प्रश्नावलीत आलं ते घडलं, नाही आलं ते घडलंच नाही." दोन्ही चूक आहेत. त्यातल्या पहिल्या मताने तर त्रास सोसलेल्या माणसांचं थेट नुकसान होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मूड उत्तरात शिरतो तो एकाच वाटेने नाही.

पहिली वाट आठवण्याची. टीसडेल आणि फोगार्टी यांनी १९७९ मध्ये दाखवलं की उदास केलेल्या लोकांना सुखद आठवणी सापडायला जास्त वेळ लागतो. १९८१ मध्ये गॉर्डन बावर यांनी 'मूडशी जुळणाऱ्या आठवणी आधी वर येतात' ही कल्पना नीट मांडली. इथे एक बारकावा सुटतो: उदास मूडमध्ये दुःखद आठवणी नव्याने तयार होत नाहीत, असलेल्यांपैकी कोणत्या पटकन हाताशी येतात ते बदलतं.

दुसरी वाट मोजमापाची. "कधीकधी" आणि "बऱ्याचदा" यांच्यातली रेघ प्रत्येकाने स्वतःच्या मनात आखायची असते. घटना तीच, आठवणही तीच, पण आज ती 'बऱ्याचदा' वाटते.

तिसरी वाट अर्थ लावण्याची. "वडील मारायचे" ही माहिती झाली. "माझा छळ झाला" हा निवाडा आहे. निवाडा देताना माणूस आपल्याला आत्ता कसं वाटतंय त्याचाच पुरावा म्हणून वापर करतो. श्वार्झ आणि क्लोर यांनी १९८३ मध्ये मांडलेलं तत्त्व हेच.

चौथी वाट सांगण्याची. आठवतं सगळं, पण लाज, भीती, घरच्यांवरची निष्ठा यामुळे सांगावंसं वाटत नाही. मूड सुधारला की ही अडचण कमी होऊ शकते, म्हणजे बरं वाटू लागल्यावर उत्तरातला छळ *वाढू* शकतो. हे फारसं कुणी लक्षात घेत नाही.

आणि एक उलटी गोष्ट. विल्यम्स आणि ब्रॉडबेंट यांनी १९८६ मध्ये आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या रुग्णांमध्ये पाहिलं की त्यांना ठरावीक दिवशी घडलेला ठरावीक प्रसंग सांगणं जड जातं, ते "नेहमी असंच व्हायचं" अशी ढोबळ आठवण सांगतात. पुढे नैराश्यातही हेच दिसलं. म्हणजे नैराश्यामुळे घटनांचा तपशील *कमी* होतो. नैराश्यातला माणूस रंगवून सांगतो, या समजुतीशी हे जुळत नाही.

आकडेमोड

छान मांडलंय. पुराव्याबद्दल थोडं.

मूडच्या बाजूने सर्वांत जास्त उद्धृत होणारा अभ्यास लेविनसन आणि रोझेनबॉम यांचा, १९८७ चा. सध्या नैराश्यात असलेल्यांनी आईवडील अधिक नाकारणारे होते असं सांगितलं, पण पूर्वी नैराश्य येऊन गेलेल्या आणि आता बऱ्या असलेल्यांची उत्तरं कधीच नैराश्य न आलेल्यांसारखीच होती. यावरून 'हा सगळा मूडचाच खेळ' असा निष्कर्ष बरेच जण काढतात.

दुसऱ्या बाजूला १९९३ मध्ये ब्रुइन, अँड्रूज आणि गॉटलिब यांनी सगळं साहित्य तपासून म्हटलं की पूर्वलक्षी (मागे वळून, आठवून दिलेल्या) उत्तरांबद्दलचा अविश्वास पुराव्यापेक्षा मोठा आहे. पार्कर यांच्या 'पॅरेंटल बाँडिंग' प्रश्नावलीचे (दर पालकामागे २५ विधानं, वयाच्या १६ वर्षांपर्यंतच्या आठवणी) गुण नैराश्य ओसरलं तरी फारसे हलत नाहीत आणि २० वर्षांच्या पाठपुराव्यातही बऱ्यापैकी टिकून राहिले. पायव्हियो यांच्या २००१ च्या अभ्यासात उपचारांच्या आधी आणि नंतर लक्षणं कमी झाली तरी छळाच्या प्रश्नावलीतली उत्तरं स्थिर राहिली.

हे निष्कर्ष एकमेकांच्या विरुद्ध वाटतात, पण त्यात एक सांख्यिकी गफलत लपलेली असते. 'स्थिर' म्हणताना बहुतेक जण दोन वेळच्या गुणांतला सहसंबंध देतात. सहसंबंध फक्त क्रम टिकला का ते सांगतो. सगळ्यांचे गुण मूड सुधारल्यावर सरसकट ४ ने उतरले तरी सहसंबंध १ च राहील. त्यामुळे सहसंबंधाबरोबर सरासरीतला बदल आणि *निरपेक्ष जुळणी* (गुण जसेच्या तसे राहिले का) मोजणारा वर्गांतर्गत सहसंबंध गुणांक, दोन्ही मागा. नुसता सहसंबंध दिलेला असेल तर मूडबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

नोंदवही

मूडवर एवढा भर दिला की मोठी चूक नजरेआड होते. ती चूक वाढवून सांगण्याची नाही, *न सांगण्याची* आहे.

लिंडा विल्यम्स यांचा १९९४ चा अभ्यास पाहा. लहानपणी लैंगिक अत्याचारानंतर रुग्णालयात आणल्याची नोंद असलेल्या १२९ स्त्रियांना सुमारे १७ वर्षांनी विचारलं, तर ३८ टक्के स्त्रियांनी तो प्रसंग सांगितला नाही. कॅथी स्पाट्झ विडम यांच्या न्यायालयीन नोंदींवर आधारलेल्या गटात, शारीरिक छळाची नोंद असलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के जणांनी मोठेपणी तो सांगितला नाही.

न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्च गटात (जन्मापासून पाठपुरावा केलेली मुलं) फर्ग्युसन आणि सहकाऱ्यांनी त्याच तरुणांना १८ व्या आणि २१ व्या वर्षी विचारलं. उत्तरं बरीच बदलली. त्यांच्या अंदाजानुसार छळ झालेल्यांपैकी जवळजवळ निम्मे जण एका वेळी 'नाही' म्हणत होते, पण छळ न झालेले 'हो' म्हणत नव्हते. या धाग्यासाठी महत्त्वाचं म्हणजे उत्तरातला हा बदल त्यांच्या मानसिक स्थितीशी निगडित नव्हता. २००४ मध्ये हार्ट आणि रटर यांनी सगळा आढावा घेऊन हेच म्हटलं: नकार चुकीचा असण्याची शक्यता बरीच, होकार सपशेल खोटा असण्याची कमी.

दुसरीबाजू

@नोंदवही, मग २०१९ च्या बाल्डविन आणि सहकाऱ्यांच्या एकत्रित विश्लेषणाचं काय? त्यात ज्यांनी मोठेपणी छळ सांगितला त्यांपैकी ५६ टक्के जणांच्या बाबतीत लहानपणीची जुळणारी नोंद सापडली नाही. निम्म्याहून जास्त होकार जर नोंदीशी जुळत नाहीत, तर मूडने फुगवलेली उत्तरं त्यात नसतील कशावरून?

नोंदवही

प्रश्न रास्त आहे. ते आकडे पूर्ण पाहू. १६ अभ्यास, २५,४७१ माणसं. लहानपणी नोंद झालेल्यांपैकी ५२ टक्के जणांनी मोठेपणी सांगितलं नाही, आणि मोठेपणी सांगणाऱ्यांपैकी ५६ टक्के जणांची नोंद नव्हती. एकूण जुळणी कापा ०.१९ (कापा म्हणजे योगायोगाने होणारी जुळणी वगळून मोजलेली जुळणी, १ म्हणजे पूर्ण), म्हणजे कमीच.

पण 'नोंद नाही' म्हणजे 'घडलं नाही' असं नाही. नोंद कुठून येते? बालसंरक्षण खातं, न्यायालय, रुग्णालय, आईवडिलांची किंवा संशोधकांची निरीक्षणं. आईवडीलच मारत असतील तर ते लिहून देणार नाहीत. घरातले टोमणे, भावनिक दुर्लक्ष यांची फाइल बनत नाही. म्हणून ५६ टक्क्यांत तीन गोष्टी मिसळल्यात: कुणाच्याच नजरेला न आलेला खरा छळ, छळ शब्दाची वेगळी व्याख्या, आणि मूडने बदललेलं उत्तर. या आकड्यातून तिसरी गोष्ट वेगळी काढता येत नाही. त्याच विश्लेषणात प्रश्नावलीपेक्षा मुलाखतीतून घेतलेल्या उत्तरांची जुळणी जास्त दिसली, हे मात्र कामाचं आहे. विचारण्याच्या पद्धतीने उत्तर बदलतं.

स्मृतिरेखा

पद्धतीचा विषय निघालाच आहे तर सीटीक्यू (चाइल्डहुड ट्रॉमा क्वेश्चनेअर) ही बालपणीच्या छळाची प्रश्नावली उघडून पाहू. या क्षेत्रात सर्वाधिक वापर तिचाच.

बर्नस्टीन आणि फिंक यांची मूळ प्रश्नावली ७० विधानांची होती. २००३ मधली छोटी आवृत्ती २८ विधानांची. त्यात २५ विधानं पाच विभागांत वाटलेली (भावनिक छळ, शारीरिक छळ, लैंगिक अत्याचार, भावनिक दुर्लक्ष, शारीरिक दुर्लक्ष) आणि ३ विधानं 'सगळं आलबेल होतं' असं दाखवण्याची वृत्ती पकडण्यासाठी. प्रत्येक विधानाला १ ते ५ गुण, म्हणजे प्रत्येक विभाग ५ ते २५, एकूण २५ ते १२५.

आता विधानांची जात बघा. शारीरिक छळाच्या विभागात 'इतकं मारलं की डॉक्टरकडे जावं लागलं' अशा आशयाचं विधान आहे. याला मूड फारसा हलवू शकत नाही. डॉक्टरकडे गेलात किंवा नाही गेलात. भावनिक छळाच्या विभागात 'माझा भावनिक छळ झाला असं मला वाटतं' अशा आशयाचं विधान आहे. हा सरळ निवाडा. मूडला इथे मोकळं रान.

सर्वांत नाजूक विभाग भावनिक दुर्लक्षाचा. त्यातली पाचही विधानं *सकारात्मक* आहेत, घरात प्रेम मिळालं, कुटुंबातले एकमेकांची काळजी घ्यायचे, घर हा आधार होता अशा आशयाची, आणि त्यांचे गुण उलटे मोजायचे असतात. नैराश्याचं एक मुख्य लक्षण म्हणजे सुखद भावना बोथट होणं. आज कुणाबद्दलच जिव्हाळा जाणवत नसेल, तर 'घर हा आधार होता' यावर 'नेहमी' कसं लिहिणार? माणूस 'कधीकधी' लिहितो आणि दुर्लक्षाचे गुण वाढतात. वाईट काही आठवलेलं नसतं, चांगलं आठवायला जड गेलेलं असतं. टीसडेल-फोगार्टींचा निष्कर्ष इथे चपखल बसतो.

'आलबेल' दाखवणाऱ्या तीन विधानांतही हाच धोका. 'माझं बालपण परिपूर्ण होतं' छापाच्या विधानावर ५ लिहिलं तरच १ गुण, एरवी ०. उदास माणूस ५ लिहीत नाही. म्हणजे झाकण्याची वृत्ती मोजणारं मापकच मूडनुसार हलू शकतं. बऱ्या झालेल्या गटात हे गुण वाढले तर 'आता हे लपवतायत' असा अर्थ लगेच काढू नका.

आकडेमोड

यात सीमारेषांचा प्रश्न मिळवा. भावनिक छळाचे ५–८ गुण म्हणजे नाही, ९–१२ कमी, १३–१५ मध्यम, १६ आणि वर तीव्र. एखाद्याचे ११ गुण आहेत. उदास दिवशी पाचपैकी फक्त दोन विधानं एकेक पायरी वर सरकली, झाले १३. कागदावर माणूस 'कमी'तून 'मध्यम'मध्ये गेला. 'मध्यम किंवा तीव्र असेल तरच छळ' असा होय-नाही निकष लावणाऱ्या अभ्यासात तो एकदम छळग्रस्त गटात. बालपण तेच, घटना त्याच.

म्हणून शक्य असेल तिथे सलग गुण वापरा. गट पाडायचेच असतील तर सीमेच्या एक-दोन गुण इकडे-तिकडे असलेल्यांना बाजूला ठेवून विश्लेषण पुन्हा करा. निष्कर्ष उलटला तर तो सीमेवरच्या माणसांवर उभा होता.

आणि एका व्यक्तीच्या गुणांत बदल दिसला तर तो मोजमापातल्या नेहमीच्या चुकीपेक्षा मोठा आहे का ते तपासा. समजा तुमच्या नमुन्यात प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत ते) १२ आणि पुनर्चाचणी विश्वसनीयता (पुन्हा विचारल्यावर गुण किती जुळतात ते) ०.८४. मोजमापाची प्रमाण चूक = १२ × √(१ − ०.८४) = ४.८. दोन वेळच्या फरकाची प्रमाण चूक = ४.८ × १.४१ ≈ ६.८. त्याला १.९६ ने गुणलं की सुमारे १३. एकूण गुणांत १३ पेक्षा कमी बदल असेल तर 'याचं उत्तर बदललं' असं त्या एका व्यक्तीबद्दल म्हणता येत नाही. जेकबसन आणि ट्रुआक्स यांची १९९१ ची ही पद्धत.

जिज्ञासू

मंडळी, प्रबंधासाठी प्रयोग आखायचा आहे. प्रयोगशाळेत अर्ध्यांना उदास करायचं, अर्ध्यांना तटस्थ ठेवायचं, मग सीटीक्यू द्यायची. पुरेसं आहे का? मूड मोजायला पीएचक्यू-९ चालेल का?

स्मृतिरेखा

@जिज्ञासू, पीएचक्यू-९ *गेल्या दोन आठवड्यांबद्दल* विचारते, ० ते २७ गुण. ती नैराश्याची लक्षणं मोजते, या क्षणाचा मूड नाही. वीस मिनिटांपूर्वी दाखवलेल्या चित्रफितीचा परिणाम तिच्यात दिसणं अपेक्षितच नाही. क्षणाचा मूड हवा असेल तर ० ते १०० ची सरकपट्टी किंवा वॉटसन, क्लार्क, टेलेगन यांची १९८८ ची २० शब्दांची पॅनास (सुखद आणि दुःखद भावनांची यादी) 'आत्ता या क्षणी' अशा सूचनेसह द्या. दोन्ही गोष्टी हव्या असतील तर दोन्ही मोजा, एकाच्या जागी दुसरं वापरू नका.

मूड बदलण्याच्या पद्धतींबद्दल:

व्हेल्टन यांची १९६८ ची पद्धत म्हणजे उदास आशयाची ६० वाक्यं एकामागून एक वाचायला लावणं. सोपी आहे, पण सहभागींना उद्देश लगेच कळतो आणि ते 'उदास झालो' असं दाखवतात. १९९६ च्या मोठ्या आढाव्यात चित्रफीत किंवा गोष्ट ही सर्वांत परिणामकारक ठरली.

चित्रफीत निवडताना एक अट पाळाच: तिच्यात *मूल, आईवडील, घर, मारहाण* यांतलं काहीही नको. अनाथ मुलाची करुण फीत दाखवून नंतर बालपण विचारलं, तर गुण वाढले ते उदासीमुळे की विषय डोक्यात भरल्यामुळे, हे कधीच सांगता येणार नाही. असे प्रयोग यामुळेच वाया जातात. म्हातारपण, निसर्गातला विनाश, प्रौढ मित्राचा वियोग असे विषय चालतील.

स्वतःची दुःखद आठवण लिहायला लावणं ही पद्धत या विषयासाठी तर वापरूच नका. छळ झालेला माणूस तीच आठवण लिहील.

वेळेचं गणितही बघा. निर्माण केलेला मूड थोड्या मिनिटांत विरतो. २८ विधानांना ५ ते १० मिनिटं लागतात, म्हणजे शेवटच्या विधानांपर्यंत मूड उरलेला नसू शकतो. उपाय: प्रश्नावली दोन भागांत तोडा, मध्ये फितीचा छोटा तुकडा पुन्हा दाखवा किंवा उदास संगीत मागे चालू ठेवा. सरकपट्टी तीनदा भरून घ्या: सुरुवातीला, फितीनंतर, शेवटी. विधानांचा क्रम प्रत्येकासाठी वेगळा ठेवा, नाहीतर 'भावनिक विधानं जास्त हलली' आणि 'सुरुवातीची विधानं जास्त हलली' यांत फरक करता येणार नाही. क्रम बदलल्याचं अहवालात मात्र लिहा.

आणि हे सगळं नीट केलंत तरी दहा मिनिटांची उदासी म्हणजे नैराश्य नव्हे. निरोगी विद्यार्थ्यांवर काही परिणाम दिसला नाही, म्हणून रुग्णांत होत नाही असं म्हणता येत नाही. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्याच व्यक्तींना वेगवेगळ्या मनःस्थितीत पुन्हा विचारून मिळेल.

आकडेमोड

पुन्हा विचारण्याच्या आराखड्यासाठी काही आकडे.

अंतर: दोन आठवडे फार कमी, मागची उत्तरं लक्षात असतात आणि मूडही तोच असतो. ८ ते १२ आठवडे हा किमान काळ धरा. सहा महिने असतील तर उत्तम.

संख्या: व्यक्तींतर्गत फरकाचा परिणाम ०.२ प्रमाण विचलन एवढा असेल, तर ८० टक्के शक्यतेने तो पकडायला दोन्ही वेळा हजर असलेली सुमारे २०० माणसं लागतात. पाव माणसं गळतात असं धरून २६५ घ्या. परिणाम ०.१ असेल तर सुमारे ७९० लागतील. यावरून एक कळावं: ३०–४० रुग्णांवर 'मूडचा परिणाम आढळला नाही' असं लिहिणारे अभ्यास फक्त मोठा परिणाम नाकारू शकतात, लहान नाही.

तीन वेळा मोजणं दोनपेक्षा कितीतरी बरं. दोन वेळांत फक्त बदलाशी बदल ताडता येतो. तीन किंवा जास्त वेळा असतील तर व्यक्तीव्यक्तींमधला कायमचा फरक वेगळा काढून, त्याच माणसाचा मूड त्याच्या *स्वतःच्या* सरासरीखाली गेला असताना उत्तर हललं का, हे पाहता येतं. हमाकर आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये मांडलेलं प्रतिमान यासाठीच आहे.

रुग्ण ऐन आजारात असताना भरती केले तर पुढच्या वेळी ते सरासरीकडे येणारच. उपचार न बदललेला किंवा स्थिर मूडचा तुलना गट ठेवा.

आणि मोजमाप दोन्ही अवस्थांत तेच मोजतं का, हेही तपासावं लागतं. पाच पायऱ्यांची उत्तरं क्रमवाचक (फक्त कमी-जास्त सांगणारी, पायऱ्यांतलं अंतर सारखं न मानणारी) धरून, पायऱ्यांच्या सीमा दोन्ही वेळी समान आहेत का ते पाहा. त्या सरकल्या असतील तर सरासरीची तुलनाच लंगडी पडते. स्मृतिरेखा यांची 'दुसरी वाट' सांख्यिकीत नेमकी इथे पकडता येते.

दुसरीबाजू

एवढा खटाटोप कशाला? सध्याचं नैराश्य समीकरणात नियंत्रक म्हणून टाकलं की मूडचा परिणाम वजा होतो ना?

आकडेमोड

नाही, आणि ही या क्षेत्रातली सर्वांत सर्रास होणारी चूक आहे.

छळामुळे पुढे नैराश्य येतं, हा संबंध खरा असेल तर नैराश्य हे छळ आणि आजचे परिणाम यांच्या *मधला* दुवा आहे. तो नियंत्रित केला की मूडची चूक जाते तशी छळाच्या खऱ्या परिणामाची एक वाटही कापली जाते. उरलेला आकडा लहान दिसतो आणि निष्कर्ष निघतो 'बघा, सगळं मूडमुळे होतं'. तो तसा निघतच नाही.

त्याऐवजी संवेदनशीलता विश्लेषण करा, म्हणजे गृहीतक बदलून निष्कर्ष किती हलतो ते पाहा. समजा मूडचा उत्तरावरचा थेट परिणाम ०.१० आहे आणि मूड व नैराश्याच्या मापकाचा संबंध ०.७०. मूडमुळे तयार होणारा आभासी सहसंबंध = ०.१० × ०.७० = ०.०७. तुम्हाला छळ आणि नैराश्य यांत ०.३५ मिळाला असेल, तर ०.२८ उरतो. मूडचा परिणाम ०.५० एवढा प्रचंड धरला तरच सगळा ०.३५ पुसला जाईल. अहवालात लिहा: 'हा संबंध नाहीसा व्हायला मूडचा परिणाम एवढा असावा लागेल.' वाचक स्वतः ठरवेल ते शक्य आहे की नाही.

नोंदवही

यालाच जोडून विडम यांच्या गटावरचं पुढचं काम सांगते. दानेसे आणि विडम यांनी २०२० मध्ये १,१९६ जणांची न्यायालयीन नोंद आणि त्यांनी स्वतः सांगितलेला अनुभव शेजारी ठेवला. मानसिक आजारांचा संबंध मुख्यतः *सांगितलेल्या* अनुभवाशी होता. नोंद आहे पण स्वतः सांगत नाहीत, अशांत धोका फारसा वाढलेला नव्हता.

इथे मूडची शंका यायलाच हवी, आणि त्यांनी २०२३ मध्ये ती तपासली. नुसतं सांगितलेलं, नोंद नसलेलं अशा गटात पुढच्या वर्षांत नैराश्य-चिंतेचा त्रास जास्त होता, पण सांगतेवेळची लक्षणं हिशेबात घेतल्यावर हा संबंध बराचसा त्यातच सामावला. नोंदही आहे आणि सांगितलंही आहे अशा गटात मात्र तो टिकून राहिला. म्हणजे मूडचा वाटा सर्वांसाठी सारखा नाही. न्यूझीलंडच्याच, जन्मापासून पाठपुरावा केलेल्या डनेडिन गटातही २०१६ मध्ये दिसलं की ३८ व्या वर्षी सांगितलेल्या बालपणीच्या प्रतिकूल अनुभवांचा संबंध स्वतः सांगितलेल्या आजच्या स्थितीशी जास्त घट्ट होता, चाचणीत मोजलेल्या आरोग्याशी कमी. दोन्ही गोष्टी एकाच माणसाला, एकाच बैठकीत, कागदावर विचारल्या की मूड दोन्हीकडे शिरतो. परिणाम तरी दुसऱ्या मार्गाने मोजा: रक्तचाचणी, दवाखान्याची नोंद, जोडीदाराचं मत.

समुपदेशन_कक्ष

संशोधन बाजूला ठेवून, समोर माणूस बसलेला असताना काय करावं याबद्दल लिहितो. वरची चर्चा वाचून कुणी 'मूड सुधारेपर्यंत विचारायचंच नाही' असं ठरवलं तर घोटाळा होईल. विचारा. पुढे ढकलल्याने चुकीचा होकार टळेल न टळेल, खरा होकार मात्र हुकतो.

नोंद करताना तीन गोष्टी एका ओळीत: तारीख, त्या दिवशीचे नैराश्याचे गुण, आणि माणसाचे *स्वतःचे शब्द*. 'भावनिक छळ: मध्यम' असं लिहू नका. 'आई आठ-आठ दिवस बोलायची नाही, कारण सांगायची नाही' असं लिहा. तीन महिन्यांनी हे वाक्य परत वाचता येतं, 'मध्यम'चं काही करता येत नाही.

निवाड्याच्या प्रश्नाऐवजी घटनेचा प्रश्न. "छळ झाला का?" नको. "घरात कुणी हात उचलायचं का? कशाने? साधारण कितव्या इयत्तेपासून कितवीपर्यंत? आठवड्यातून, महिन्यातून की वर्षातून? वळ उठायचे का?" असं विचारा. बिफुल्को, ब्राउन आणि हॅरिस यांची १९९४ ची मुलाखत पद्धत याच तत्त्वावर आहे: माणसाने तपशील सांगायचा, तीव्रता ठरावीक निकषांवर मुलाखतकाराने ठरवायची. मूडने हलणारी रेघ त्यामुळे उत्तर देणाऱ्याच्या हातात राहत नाही.

ढोबळ उत्तर आलं, "नेहमीच वाईट होतं", तर ते अतिशयोक्ती समजू नका. नैराश्यात तपशील सापडत नाहीत, हे वर आलंच आहे. वयाचे, घराचे, शाळेचे टप्पे धरून हळूहळू विचारा. पण "आठवून बघा, काहीतरी नक्की झालं असणार" हे वाक्य कधीही नको. सुचवून आठवण तयार होऊ शकते, आणि हा धोका मूडपेक्षा कितीतरी मोठा आहे.

६ ते ८ आठवड्यांनी पुन्हा विचारा. उत्तर बदललं तर मागचं खोटं आणि आताचं खरं, किंवा त्याउलट, असं ठरवू नका. दोन्ही उत्तरं तारखेसह फाइलमध्ये राहू द्या. पहिल्या भेटीत 'नाही' म्हणालेला माणूस बरं वाटू लागल्यावर 'हो' म्हणतो, तेव्हा बहुतेकदा विश्वास बसलेला असतो. त्याला "आधी तर नाही म्हणाला होतात" असं विचारणं क्रूर आहे.

जिज्ञासू

खूप उपयोग झाला, सगळ्यांचे आभार. आता त्याच माणसांना तीन वेळा विचारायचं ठरवतो. शेवटचा प्रश्न: एका बैठकीत प्रश्नावल्यांचा क्रम काय ठेवू? नैराश्याची आधी दिली तर माणूस आधीच खचतो, नंतर दिली तर बालपणाच्या प्रश्नांनी तिचे गुण वाढतात.

स्मृतिरेखा

सुरुवातीला फक्त एक सरकपट्टी, 'आत्ता कसं वाटतंय'. एका ओळीने कुणी खचत नाही. पण लक्षात असू दे, मूडकडे लक्ष वेधलं की माणूस तो वेगळा ठेवू शकतो. श्वार्झ-क्लोर यांच्या प्रयोगात हवामानाचा उल्लेख आधी केला तेव्हा त्याचा परिणाम नाहीसा झाला होता. (२०१७ मध्ये याप आणि सहकाऱ्यांनी अशा नऊ चाचण्या केल्या, त्यांत मूडचा परिणाम क्षीणच निघाला, त्यामुळे मूळ परिणामही फार मोठा धरू नका.) म्हणून निम्म्या लोकांना सरकपट्टी सीटीक्यूच्या आधी, निम्म्यांना लगेच नंतर द्या. कोणाला कधी ते चिठ्ठी टाकून ठरवा, आणि प्रत्येक माणसासाठी तिन्ही वेळा तोच क्रम ठेवा. क्रमाचा परिणाम असेल तर तो या दोन गटांच्या तुलनेत दिसेल.

मग सीटीक्यू. त्यानंतर पाच मिनिटं काहीतरी तटस्थ, आकृत्या जुळवणं वगैरे. मग पीएचक्यू-९. ती दोन आठवड्यांबद्दल विचारत असल्याने या क्रमात तिचं त्यातल्या त्यात कमी नुकसान होतं. सगळ्यात शेवटी पुन्हा सरकपट्टी, कारण माणूस आला त्यापेक्षा वाईट अवस्थेत बाहेर पडत नाही ना हे बघणं तुमची जबाबदारी आहे.

पीएचक्यू-९ चं नववं विधान मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. ते उत्तर *त्याच दिवशी, माणूस खोलीत असतानाच* प्रशिक्षित व्यक्तीने पाहायला हवं. ऑनलाइन भरून घेणार असाल तर ० पेक्षा जास्त उत्तराला लगेच मदतीचा क्रमांक दिसेल आणि तुमच्या पर्यवेक्षकाला सूचना जाईल अशी सोय आधी करा, ती चालते का ते तपासा, मगच दुवा पाठवा.

आकडेमोड

माहिती भरताना एवढं सांभाळा: विधान क्रमांक २, ५, ७, १३, १९, २६, २८ चे गुण उलटे करायचे (६ वजा उत्तर). १०, १६, २२ ही 'आलबेल'ची विधानं एकूण गुणांत मिळवायची नाहीत. क्रम बदलून विधानं दिली असतील तर मूळ क्रमांक वेगळ्या रकान्यात ठेवा. उलटे करायचे राहिले तर भावनिक दुर्लक्ष आणि भावनिक छळ यांतला सहसंबंध ऋण येतो. तो ऋण दिसला की मूडबिडचा विचार करण्याआधी हा रकाना तपासा.